दोन लॉगिन, एक खोली

मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली आणि कामं बदलत बदलत समुद्रकाठच्या तोंडवली गावात एका काकूंच्या होमस्टेवर येऊन टेकले. झाडलोट करता करता त्यांनीच मला कॉम्प्युटरवर बुकिंग भरायला शिकवलं. ते उपकार विसरायचे नाहीत. पण हे काम कधी हातातून जाईल, ही धाकधूकही तेव्हापासूनचीच.

आधी आम्ही दोघी काकूंच्याच लॉगिनवर बसायचो. गोव्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा सुट्टीला आला, म्हणाला, हे सुरक्षित नाही. त्यानं मला वेगळं लॉगिन करून दिलं. साधं, कमी अधिकारांचं. मला तर बढतीच मिळाल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात समुद्राकडच्या खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी. एक बुकिंग मी घेतलेलं, दुसरं काकूंनी फोनवर.

"खंय भरलंस तू? माका खोली रिकामी दिसता," काकू आपल्या लॉगिनवर बघत म्हणाल्या.

मी माझं लॉगिन उघडून दाखवलं. नाव, माणसं, सगळं होतं.

"आत्ता भरलं असशीत, गो."

दुसऱ्या कुटुंबाला काकूंनी स्वतःची खोली दिली आणि आपलं अंथरूण पडवीत घातलं. आता कुठं जायचं, याचाच विचार करत मी भांडी घासली.

संध्याकाळी मुलानं गोव्यातूनच, इंटरनेटवरून, कॉम्प्युटर तपासला. फोन स्पीकरवर होता.

"आये, तिना तेव्हाच भरलेला आसा. फाईलीवरची तारीख बघ."

मग त्यानं सांगितलं ते मला कळलं तसं असं : सॉफ्टवेअर जुनं. ते सगळं स्वतःच्याच फोल्डरात लिहायला जातं. विंडोज साध्या लॉगिनला तिथं लिहू देत नाही, पण तसं सांगतही नाही. गुपचूप माझ्यापुरत्या वेगळ्या जागी ठेवून देतं. म्हणून माझं काकूंना दिसेना, त्यांचं मला.

"म्हणजे ह्यो कॉम्प्युटर दोन तोंडांचो!" काकू म्हणाल्या. "तिका एक सांगता, माका एक!"

"लॉगिन करताना माकाच बघूक व्हया होता," मुलगा म्हणाला, आणि दोघींना उघडेल अशा फोल्डरात त्यानं सगळी बुकिंगं हलवली.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन आला. कॉम्प्युटर त्यांच्यासमोरच चालू होता. फोनवर हात ठेवून त्यांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली, "समुद्राकडची खोली रिकामी आसा काय गो?"

"आहे," मी म्हणाले.

स्क्रीनकडे न बघताच त्यांनी पलीकडच्यांना सांगितलं, "येवा."