मावससासूबाईंचे दात

गिरगावात त्या काळी ज्या ज्या बाईच्या तोंडात दात होते, ती ती माझ्या मावससासूबाईंची गिऱ्हाईक होती. आणि जिच्या तोंडात दात नव्हते तिलाही त्यांनी काही ना काही खपवलंच. यात माझ्या पदरचं काही नाही. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, तोंडाचं पार बोळकं झालेलं. त्यांनाही मावससासूबाईंनी दातवणाच्या दोन पुड्या दिल्या. मी भाबडेपणाने विचारलं, “मावशी, त्या लावणार कुठे?” तर म्हणाल्या, “नातसुनेला देतील. आपल्या हाताने देतील, देता देता आपल्या वेळच्या चार गोष्टी सांगतील, आणि पुडी हातात पडेपर्यंत नातसून मुकाट्याने ऐकेल. म्हातारीला ऐकणारं माणूस हवं होतं गं.” मी तोंडात बोट घालून बघतच राहिले.

आताच्या मुलींना हे सगळं नव्याने सांगावं लागतं. आमच्या वेळी लग्न झालेल्या बाईचे दात काळे असत, म्हणजे ते काळे करावे लागत. हिरडा, मायफळ, हिराकस, डाळिंबाची साल असं कायकाय कुटून, वस्त्रगाळ करून जी पूड होई ती दातवण. ती बोटाने दातांवर बसवली की दात जांभळासारखे काळेभोर दिसत आणि बाई रूपवान समजली जाई. कुंकवासारखंच ते सौभाग्याचं लेणं. नवरा हयात आहे तोवर लावायचं आणि तो गेला की त्या दिवसापासून सोडायचं. पांढरे दात एक कुमारिकेचे, नाहीतर विधवेचे. तेव्हा दातवण विकणारी बाईही सवाष्णच हवी. दुसरीला कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

मावससासूबाईंना माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. त्या माणसं दातांवरून ओळखत. “ती सुळा चढलेली पोस्टमास्तरीण”, “ती फटीतून शिट्टी वाजणारी जोशीण”. मला पाहायला आलेल्या मंडळींत त्याही होत्या. बाकीच्यांनी मला गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, असं विचारलं, यांनी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि निकाल दिला, “दात मोठे आहेत, पुडी जास्त लागेल. पण मुलगी चांगली आहे.” असं माझं लग्न ठरलं.

त्यांची विकण्याची तऱ्हाही जगावेगळी. ‘घ्या’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही. आरसा बसवलेली लाकडी फणेरपेटी काखेत धरून त्या जिना चढायच्या, उंबऱ्याशी टेकायच्या, पाणी मागायच्या. मग घरच्या बाईच्या तोंडाकडे एकदा बघून बारीकसा सुस्कारा सोडायचा आणि एकदम पापडांचा विषय काढायचा. ती बाई बिचारी पापडांवर बोलते आहे, पण तिचं सगळं लक्ष त्या सुस्काऱ्यापाशी! शेवटी न राहवून ती विचारणार, “मावशी, माझ्या दातांना काही झालंय का हो?” तरी ह्या उठून उभ्या. “छे छे. येते मी. आज मंगळवार, आज नको बोलायला.” मग ती बाई जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या त्यांच्यामागे उतरून यायची आणि एकीच्या जागी तीन पुड्या घेऊन वर जायची. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी इतक्यांदा पाहिलंय, आणि तरीसुद्धा त्यांनी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला की मी आरशाकडे धावायची.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. जे आपल्या तोंडाला लावलं नाही ते दुसरीच्या तोंडाला लावायचं नाही. प्रत्येक नवी पूड आधी त्यांच्या दातांवर चढायची, म्हणून त्यांच्यासारखे काळेभोर दात सबंध मुंबईत नव्हते. पण त्या काळेपणाला दुसरंही एक कारण होतं. त्यांचे यजमान झांजिबारला एका पेढीवर चाकरीला गेले होते. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. मी सून म्हणून आले तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती. “तिकडची स्वारी पत्राची मोठी आळशी,” एवढंच मावससासूबाई म्हणायच्या, आणि दर तिसऱ्या दिवशी न चुकता दातवण बसवायच्या. मागे मूलबाळ नाही. ही विक्री नसती तर हर्णैला दिराच्या घरी जाऊन जन्मभर चुलीपाशी बसावं लागलं असतं, आणि जावेने वाढलं तर खावं लागलं असतं. खेतवाडीतली आपली खोली आणि आपली पेटी, यांवर त्या उभ्या होत्या.

पुढे मुंबईत शिकलेले नवरे फार झाले. त्यांना बायकोचे दात पांढरे हवेत! आमच्याकडची स्वारी तेव्हा बंदरावर बोटीच्या कचेरीत कारकून. एका संध्याकाळी इकडून मला सांगणं झालं, “तू हसलीस की दिवा मालवल्यासारखं वाटतं.” झालं! मी दोन महिने हसलेच नाही. सासूबाईंना वाटलं, सून पोक्त आहे. त्यांनी चाळभर माझं कौतुक केलं. घरोघरी हीच तऱ्हा होती. सासू म्हणे काळे कर, नवरा म्हणे पांढरे ठेव, आणि मधल्या मधे आम्ही ओठ मिटून बसलेल्या. मावससासूबाईंच्या मागून जिना उतरून येणाऱ्या बायका एकेक करून कमी झाल्या.

पण हार मानतील तर त्या कसल्या! त्यांनी शिंपल्या भाजून त्यांची पूड केली, तीत कापूर, लवंग, सैंधव घातलं आणि पांढरं मंजन काढलं. पहिली पुडी घेऊन एका वकिलाच्या घरी गेल्या. वकिलीणबाई तरुण आणि फटकळ. ती म्हणाली, “मावशी, तुमचेच दात कोळशासारखे. तुमच्या पांढऱ्या पुडीवर मी विश्वास कसा ठेवू?”

त्या तशाच आमच्याकडे आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. “खरं आहे तिचं,” म्हणाल्या. “जे माझ्या तोंडात नाही ते मी विकायला निघाले. पण सूनबाई, दात पांढरे केले तर उद्या गिरगाव काय म्हणेल? तिकडची बातमी आली, म्हणेल. आणि नाही केले तर हर्णै.” त्यांना मी तेव्हा प्रथमच विझलेलं पाहिलं. मी चहा टाकला. तो त्यांनी घेतला नाही.

मग आठ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. नवव्या दिवशी तोंडावर पदर धरून आल्या, सासूबाईंच्या आणि माझ्या मधोमध बसल्या आणि पदर काढून हसल्या. सासूबाईंच्या हातातलं पोह्यांचं ताट दणकन खाली आलं. बरोबर मध्यावर रेघ मारल्यासारखे उजवीकडचे दात काळे कुळकुळीत आणि डावीकडचे मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरे! आठ दिवस रांगोळी, लिंबू आणि मीठ घेऊन ती बाई आपलं अर्धं तोंड घासत बसली होती. “उजवे तिकडच्यांसाठी,” म्हणाल्या, “आणि डावे पोटासाठी.” आणि त्याच बैठकीत उजवीकडे वळून सासूबाईंना दातवण विकलं, डावीकडे वळून मला मंजन. आम्ही दोघी सासवासुना, पण त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींकडे बघून खळखळून हसलो. एका घरात दोन माल विकून वर भांडण मिटवून जाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्यानंतर त्यांनी जे मुंबईभर राज्य केलं त्याला तोड नाही. घोड्यांची ट्राम नेईल तिथवर ट्रामने आणि पुढे पायी त्या परळ, लालबाग, दादर पालथं घालू लागल्या. म्हाताऱ्या दिसल्या की उजवा गाल पुढे, तरण्या दिसल्या की डावा. लालबागला गिरणीकामगाराच्या कोकणी बायकोने त्यांना एकदा उडवून लावलं, “गे मावशे, माझो घोव काळोखात जाता नि काळोखात येता. दात काळे काय नि गोरे काय, तेका दिसतत खंय?” मावससासूबाई म्हणाल्या, “रविवारी दिसत असतील ना?” गिरण्यांना तेव्हा नुकतीच रविवारची सुट्टी होऊ लागली होती. पुढच्याच आठवड्याला त्यांनी एकदाच घासण्यापुरती इवलीशी ‘रविवारची पुडी’ काढली आणि शनिवारी लालबागच्या चाळींतून ती हातोहात खपू लागली. कॉलेजात शिकलेल्या एकाला तरी हे सुचलं असतं का?

शिंपल्या त्या वरळीच्या कोळीवाड्यातून आणत. एकदा महालक्ष्मीच्या दर्शनाचं निमित्त करून मीही बरोबर गेले. तिथे सुकत घातलेल्या बोंबलांपाशी बसलेली एक कोळीण त्यांचं तोंड बघून पोट धरधरून हसली. “आगो बाय, तुजे तोंडान एकीकरं रात न् एकीकरं दिस! दादल्याला कंची बाजू दावतंस गो?” शिंपल्यांची टोपली उचलता उचलता मावससासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, “येतील तेव्हा विचारीन, कोणती हवी.”

त्यानंतर वर्षभरात एका सकाळी इकडची स्वारी कचेरीतून अवेळी घरी आली. चेहरा उतरलेला. झांजिबारहून परतलेला एक माणूस बोटीवर भेटला होता. मावशीचे यजमान, आमचे काका, चार वर्षांपूर्वीच तापाने गेले. “मावशीला सांगायला हवं,” इकडून म्हणणं झालं. “शास्त्र आहे.” मी जन्मात कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. “सांगितलंत तर उद्यापासून त्यांना एका घराचंही दार उघडं राहणार नाही. पेटी जाईल, खोली जाईल, दात जातील. काका जायचे ते गेले, आता त्यांनाही घालवायचं का?” स्वारी न्हाणीघरात गेली. कोणी गेल्याचं कळलं की करतात तसं, गार पाण्याचे तांबे डोक्यावर ओतल्याचा आवाज मी ऐकला. मग ओल्या केसांनीच परत कचेरीला जाणं झालं, आणि नेमक्या त्याच वेळी मावससासूबाई जिना चढत होत्या.

त्या येऊन बसल्या. पाणी मागितलं नाही, पापड काढले नाहीत. माझ्याकडे त्या नेहमी डावा गाल करून बसत. त्या दिवशी सरळ समोर बसल्या. “तुझा विष्णू जिन्यात मला बघून खाली मान घालून गेला,” म्हणाल्या. “आणि आज सोमवार, डोक्यावरून न्हायचा वार नव्हे, तरी केस ओले.”

मी न मागताच पाण्याचा तांब्या पुढे केला.

“सूनबाई, काही सांगायचं आहे का गं?”

“नाही मावशी,” मी म्हटलं. “काही नाही.”

त्यांनी मान हलवली, दोनदा. मग फणेरपेटी उघडली, आरसा उभा केला आणि बोटावर दातवण घेऊन उजव्या दातांवर बसवू लागल्या. कालच बसवलेलं होतं, आज गरज नव्हती. आणि ज्या बोटाने गिरगावातल्या शेकडो तोंडांत कधी रेघ चुकवली नाही, ते आज चुकलं. थोडं ओठाला लागलं. मी पुढे सरकून ते पदराने पुसलं.

“एकसारखं बसलं का गं?” त्यांनी विचारलं.

बसलं नव्हतं. मधले दोन दात भुरे राहिले होते.

“बसलं, मावशी.”

त्यांनी पेटी मिटली, दादरला उशीर होतोय म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. एका सकाळी मी त्यांच्याशी दोनदा खोटं बोलले. दोन्ही वेळा त्यांनी ते ओळखलं असं मला आजही वाटतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी त्या लालबागला पुड्या विकत होत्या.