कबड्डीच्या जागी

सरावात मी चढाईला निघाले की कबड्डी म्हणायचं नाही, असा नियम होता. कबड्डीच्या जागी माझ्या जातीचं नाव. मोठ्यानं, एका दमात, मध्यरेषेवर परत येईपर्यंत. बाकी कोणाला हा नियम नव्हता.

नियम ऋतुजाचा. ती कॉलेजच्या मुलींच्या संघाची कर्णधार. कन्नड तालुक्यातली, घरचा ऊस, काका कॉलेजच्या संस्थेवर संचालक. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कोट्यातून आलीस ना? मग लाजती कशाला? म्हण की."

मुली हसल्या. मी कबड्डी म्हणतच आत शिरले. समोर सात जणी. एकीनं घोटा धरला, दोघींनी कंबर. मला तोंडावर पाडलं. ऋतुजा पाठीवर गुडघा रोवून बसली. नाकातोंडात माती.

"म्हणती का नाय?"

तिनं गुडघा फिरवला. बरगडीतून कळ निघाली. मी म्हटलं.

"असं. आता ऊठ, नीट चढाई कर."

क्रीडाशिक्षक कडेला खुर्चीत बसले होते. गळ्यात शिट्टी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "दम वाढतोय तिचा. चालू द्या."

पुढं रोज तेच. चुकून कबड्डी म्हटलं की पकड सुटत नसे. कधी केस ओढले, कधी बोटं पायाखाली. मी म्हणत राहिले. कारण साधं होतं. इथून विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. तिथं खेळले की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेसाठी बसता येत होतं. वडील शहरातल्या छावणी भागात रिक्षा चालवतात. आमच्या घरात सरकारी नोकरी कोणालाच लागलेली नाही. तोंडानं म्हणायचं, मनाला लावून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पैठणला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली. उपांत्य सामना. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत, चढाई माझी. मी दम लावून मध्यरेषा ओलांडली. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीचा पाय शिवायला वाकले. तेव्हा लक्षात आलं की समोरच्या मुली जागेवर थांबल्यात आणि माझ्याकडं बघतायत.

माझ्या तोंडातून तो शब्द येत होता. मोठ्यानं. स्पष्ट.

पंचांनी शिट्टी मारली. "काय म्हणतीयस तू?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मग मांडवात मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. मग सगळेच. दम चुकीचा म्हणून पंचांनी मला परत पाठवलं. गुण समोरच्या संघाला. सामना गेला.

त्या वेळी माझ्या पाठीवर कोणाचा गुडघा नव्हता. कोणी केस धरलेले नव्हते. तरी मी म्हटलं. काही महिन्यांत त्यांनी माझी जीभ त्यांच्या कामाला लावली होती.

आमची गाडी मांडवामागं उभी होती. तिथं ऋतुजानं माझ्या कानाखाली वाजवली.

"भवाने, लोकांसमोर कशाला म्हणायचं? आमची इज्जत घालवली."

मी मूठ वळली आणि तिच्या नाकावर मारली. पूर्ण ताकदीनं. हाड मोडल्याचा आवाज आला. तिची जर्सी लाल झाली. मग बाकीच्या तुटून पडल्या. सरावात जिथं धरायच्या तिथंच धरलं. घोटा. कंबर. एकीनं बुटानं तोंड फोडलं. खालचे दोन दात गेले. सर शेवटी आले. म्हणाले, "बास. चेहऱ्यावर नको."

शहरात परतल्यावर मी घरी गेले नाही. पोलीस ठाण्यात जाऊन ॲट्रॉसिटीची तक्रार दिली. नाकासाठी ऋतुजानं माझ्याविरुद्ध दिली.

आठवड्याभरात प्राचार्यांनी बोलावलं. दालनात ते, सर आणि ऋतुजाचे काका. ऋतुजा कोपऱ्यात, नाकावर पट्टी.

प्राचार्य म्हणाले, "बेटा, खेळात जात आणू नकोस."

काका म्हणाले, "पोरीपोरींचं भांडण हाये. तू तक्रार मागं घे, आमची पोरगी मागं घेती. विद्यापीठाच्या संघात तुझं नाव पक्कं समज."

काका पुढं झुकले. "आन् असं काय म्हणायला लावलं गं तुला? आमच्यासमोर म्हणून दाखव."

"मी म्हणणार नाही. ऋतुजाला म्हणायला सांगा."

ऋतुजानं मान खाली घातली.

"लई माज आला काय तुला?" काका उभे राहिले.

"व्हय," मी म्हटलं. आणि बाहेर आले.

विद्यापीठाच्या संघात माझं नाव आलं नाही. कॉलेजच्या संघातूनही काढलं. आई अजून म्हणते, "आधी भरती होऊ दे गं पोरी, मग काय भांडायचं ते भांड." वडील तारखेला रिक्षातून न्यायालयात सोडतात आणि बाहेर थांबतात.

साक्षीत तो शब्द मला उच्चारावा लागेल, असं वकिलांनी सांगितलंय. उच्चारेन. एकदाच, ऋतुजाकडं बघत. नाक मी फोडलं, तेही सांगेन. मग नावं घेईन. कर्णधाराचं. मला धरणाऱ्या प्रत्येकीचं. खुर्चीत बसून ऐकणाऱ्या सरांचं. एकही नाव वगळणार नाही.