पंजाबराव मास्तरांचं बाहेर जाणं

पंजाबराव मास्तर इतके शुद्ध बोलायचे की कुत्र्यालाही 'हाड' न म्हणता 'बाजूला हो बरं' म्हणत. चिखलीपासून तीन कोसांवरचं आमचं गाव सगळं 'मले-तुले' करणारं, आणि हा एकटा गडी 'मला-तुला'वर अडून बसलेला. ट्रेनिंगची दोन वर्षं पुण्यात काढली, त्याचा हा परिणाम. माणूस मात्र सोन्यासारखा.

त्यांना वेड एकच. मुलांनी चार भिंतींतून निघावं, झाडाखाली मुक्काम करावा, चूल मांडावी, पाखरं ओळखावीत. त्यावर सात वर्षं खपून त्यांनी मुलांसाठी पुस्तक लिहिलं आणि १९६४ साली खामगावात छापून आणलं. नाव दिलं, 'चला, बाहेर जाऊ या!' प्रुफं मी तपासली. मी त्याच शाळेत दुसरीचा मास्तर. हसू नका! मी ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो, अर्थ कोण बघतो?

शनिवारी मास्तरांनी वर्गात पुस्तक उंच धरलं. "मुलांनो, उद्या सकाळी आपण सगळे बाहेर जाणार आहोत. पाण्याचं भांडं विसरू नका."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक पोरगी कशीबशी म्हणाली, "सारे संगच, गुर्जी?"

"अर्थात! त्यातच तर खरी मौज आहे!"

आता आमच्याकडे 'बाहेर जाणं' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरोघरी संडास कुठले तेव्हा! सकाळी टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला 'कुठं चालला?' असं कोणी विचारत नसे. रविवारी शाळेसमोर चाळीस पोरं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात टमरेल. मागे आयाबाया. सर्वांत पुढे पाटलांची म्हातारी आई झुंबरबाई, कमरेवर हात ठेवून.

"काऊन हो मास्तर," ती कडाडली, "हे बी आता शाळेतच शिकवता काय? आमच्या पोराइले येते ते!"

मास्तरांना कळायला अर्धं मिनिट लागलं. कळलं तेव्हा कान लालबुंद झाले. गाव पोट धरधरून हसलं. मास्तर तडक घरी गेले.

महिनाभर पुस्तकं ट्रंकेत पडून होती. रस्त्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "मास्तर, बाहीर चालले काय?" शेवटी त्यांनी 'वनविहार' अशा चिठ्ठ्या लिहिल्या आणि आम्ही दोघं खळ लावून त्या जुन्या नावावर चिकटवत बसलो.

"सात वर्षं घातली हो," ते म्हणाले, "आणि एकाही मुलानं पहिलं पानसुद्धा उघडलं नाही." मला भडभडून आलं. प्रुफं मीच तपासली होती ना!

तेवढ्यात झुंबरबाई दारात. हातात पुस्तक. त्या रविवारच्या गोंधळात तिच्या नातीनं एक प्रत उचलून नेली होती.

"नातीनं सारं वाचून दाखवलं मले. दोन डाव. पाखरं बराबर लिवले. पण रोडग्याचं चुकलं. येवढ्याशा गवऱ्यांत रोडगे कच्चेच राह्यतीन. कधी भाजले काय तुमी?"

"नाही," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

"मंग चाला! मी शिकवतो."

पुढच्या रविवारी नदीकाठच्या आमराईत निम्मं गाव लोटलं. गवऱ्या झुंबरबाईच्या, कणीक घरोघरची. मास्तर कणकेचे ते गोळे निखाऱ्यात उलटत होते, बोटं भाजून घेत होते. मी पुस्तकं वाटली. पोरांनी पहिलं काम काय केलं असेल? याही वेळी आणलेल्या टमरेलातलं पाणी लावून 'वनविहार' खरवडून काढलं!

"अरे अरे, हे काय करता आहात?" मास्तर ओरडले.

झुंबरबाईची नात म्हणाली, "हे नाव नको, गुर्जी. आमाले ते बाहीर जाचं पुस्तक पाह्यजे."

मास्तर बघतच राहिले. मग ते सगळ्यांसमोर रडले, आणि रडता रडता हसायला लागले. उरलेला गठ्ठा त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतला आणि आमराई दणाणेल असे ओरडले, "घ्या बे पोरहो, घ्या! बाहीर जाचं पुस्तक घ्या!"