चार वाजताची अक्षरं

पंचशीला गेल्याचं तिच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी भाजी निवडत होते. तशीच उठले आणि मिळेल त्या गाडीनं लातूरहून शिरूर अनंतपाळला गेले. निवृत्तीनंतर ती गावीच भावाजवळ राहत होती. दारात बायका बसल्या होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "सुटली बिचारी. जलमभर आजारानं छळलं." मयताच्या दारात कुणाशी भांडावं... पण महिना झाला, ते शब्द डोक्यातून जात नाहीत. म्हणून हे लिहायला बसले. पंचशीला हृदयविकाराच्या झटक्यानं गेली. ज्या आजाराबद्दल त्या बाई बोलत होत्या, त्या आजाराला चाळीसेक वर्षांत तिला नेता आलं नाही. आणि बिचारी तर ती एक दिवसही नव्हती.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीत नवी भरती झाली. त्यात आम्ही दोघी एकदमच टंकलेखक म्हणून लागलो. मी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडची, शेतकऱ्याची मुलगी. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडून मुलांना शिकवणाऱ्या आईबापाची थोरली लेक. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. तिचा हात इतका पक्का होता की कागदाखाली तीन कार्बन घातले तरी शेवटची प्रत लख्ख उठायची. आवाजही तसाच, खणखणीत. साहेबांच्या खोलीत बोलली तरी आम्हाला बाहेर ऐकू यायची.

मग दुष्काळाची वर्षं लागली. टँकरच्या गावांच्या याद्या, आटलेल्या विहिरी, छावण्या, रोजगार हमीची कामं... सगळं टाइप होऊन रोजच्या रोज वर जायचं. त्या धबडग्यात पंचशीलाचं काहीतरी बिघडायला लागलं. सकाळी ती नेहमीसारखी असायची. दुपार उतरली की पापण्या खाली यायच्या, मान जड व्हायची, आवाज नाकातून यायचा. डब्यातली भाकरी चावता चावता जबडा थकायचा, मग ती हनुवटीला हात लावून घास संपवायची. चार वाजता टाइप केलेल्या कागदावर अक्षरं पुसट, आणि खालच्या कार्बनच्या प्रतीवर तर जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली की पुन्हा टवटवीत. त्यामुळे कुणाचा विश्वास बसेना. आमच्या शाखेच्या साहेबांनी तिला कामात कुचराई केल्याचा मेमो दिला. कचेरीत कुजबुज सुरू झाली, की ही नाटकं करते. खरं सांगायचं तर एकदा मीही तसं म्हणाले होते. तिचं उरलेलं काम माझ्या टेबलावर यायचं, त्याचा राग होता.

डॉक्टरही तेच म्हणायचे, फक्त शब्द वेगळे. सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्ण विभाग सकाळचा. ही रात्रभर झोपून ताजीतवानी होऊन जायची. डॉक्टर हात दाबून बघायचे, ताकद चांगली म्हणायचे, लोहाच्या गोळ्या द्यायचे. एकानं सांगितलं, मनाचा आजार आहे, लग्न करून टाका. गावाकडं एका नात्यातल्या बाईनं अंगारा आणला तर हिनं तिला दारातूनच परत पाठवलं. "माझ्या बापानं देव सोडले ते मी अंगारे लावावं म्हणून का?"

एका दुपारी ती माझ्यासमोर उभी राहिली. डाव्या हाताच्या बोटानं पापणी वर धरली होती.

"मंगल, नाटक करते म्हणून तूबी म्हणालीस ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हाव," म्हणाले.

"बरं झालं सांगितलंस. आता माझ्यासंग नांदेडला यायचं. तुझा भाऊ ज्या डॉक्टरचं सांगत होता त्याच्याकडं. आणि सकाळी न्हाई जायचं. दुपारी जायचं."

माझ्या भावानं उमरीत एका पेशंटकडून त्या डॉक्टरांचं ऐकलं होतं. हैदराबादला शिकून आलेले, नसांच्या आजारांचे जाणकार. आम्ही रजा टाकली आणि एसटीनं निघालो. मी म्हणत होते, खिडकीला डोकं टेकून पड जरा. ती ऐकेना. लातूर ते नांदेड सगळ्या वाटेनं मला पेपर मोठ्यानं वाचून दाखवत होती, जाहिरातींसकट. सोबतचे प्रवासी वळून वळून बघत होते. तिला थकूनच डॉक्टरांसमोर बसायचं होतं.

आत गेल्यावर तिनं पिशवीतून कागदांची चळत काढली. दोन महिन्यांची टाइप केलेली पानं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं वेळ लिहिलेली. दहा वाजताचं पान, एकचं, चारचं. बोलायला आवाज पुरत नव्हता म्हणून तिनं ती नुसती टेबलावर ओळीनं मांडली. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले. चारचं पान त्यांनी उजेडाकडं धरलं. मग म्हणाले, "बाई, माझं अर्धं काम तुम्हीच करून आणलंत."

त्यांनी तिला छताकडं बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या, दुकानाचं शटर ओढावं तशा. मग आकडे मोजायला लावले. तीसपर्यंत ठीक होतं, पुढं आवाज नाकात गेला, पन्नासला तर शब्दच कळेनात. मग त्यांनी दंडात एक इंजेक्शन दिलं आणि घड्याळ काढून समोर ठेवलं. साधारण पंधरा मिनिटांनी तिची डावी पापणी वर गेली, मग उजवी. कित्येक महिन्यांनी दुपारच्या वेळी मी तिचे डोळे पूर्ण उघडलेले बघितले. "आता मोजा," डॉक्टर म्हणाले. तिनं एकपासून शंभरपर्यंत मोजलं, इतक्या मोठ्यानं की बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. शंभर झाल्यावरही ती थांबेना. मी मात्र तोंडाला पदर लावून रडत होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. "नस हुकूम देते," ते म्हणाले, "स्नायूही धड आहे. पण हुकूम जिथं स्नायूला पोचतो तिथंच अडवला जातो. सुरुवातीला थोडा पोचतो, वापरत गेलं की कमी कमी होत जातो. विश्रांती घेतली की पुन्हा पोचायला लागतो." पुढं हैदराबादला तपासणी झाली. हाताच्या नसेला विजेचे बारीक झटके एकामागून एक दिले, तर मशीनच्या कागदावरची रेघ प्रत्येक झटक्याला बुटकी होत गेली. छातीतली एक ग्रंथी काढायचं ऑपरेशन झालं. दर चार तासांनी घ्यायची गोळी जन्मभराची लागली. ऑपरेशनच्या आधी मात्र ती घाबरली होती. माझा हात सोडत नव्हती.

परत कामावर आली त्या दिवशी साडेदहालाच साहेबांपुढं गेली आणि तपासण्यांचे कागद ठेवले. साहेब जरा वरमले. म्हणाले, "ठीक आहे, तो मेमो विसरून जा."

"न्हाई साहेब. मेमो टाइप करून दिलाय तुम्ही. मागं घेतानाबी टाइप करूनच द्या."

"आता टंकलेखक कुणी मोकळा नाही."

"मी हाय की."

तिनं स्वतःच ते पत्र टाइप केलं, तीन कार्बन घालून. साहेबांनी मुकाट्यानं सही केली. त्यानंतर तिला टाइपाचं काम सकाळी आणि दुपारनंतर आवक-जावक, अशी वाटणी झाली. अशी ती तीस वर्षं टिकली. दोनदा छातीत संसर्ग होऊन श्वास अडला, दवाखान्यात मशीनवर होती. दोन्ही वेळा बरी होऊन घरी आली. लग्नासाठी एक स्थळ उदगीरहून आलं होतं. तिनं आजाराचं स्वतःच सांगितलं, आणि ती माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. त्यावर ती माझ्याकडं एकदाच बोलली. "त्यांचंबी काय चुकलं म्हणा..." आणि विषय बदलला.

भांडायची तेवढी ती सकाळी भांडायची. आवाज भरात असतो तेव्हा. निवृत्तीनंतरही सातच्या सुमाराला तिचा फोन यायचा. शेवटचं भांडण एका अर्जावरून झालं. अपंगत्वाच्या दाखल्याचं शिबिर सकाळी असतं. तिच्यासारखे पेशंट सकाळी ठणठणीत दिसतात आणि दाखल्याविना परत जातात. गेल्या काही वर्षांत असे कितीजण तिला येऊन भेटले होते. अशांना दुपारी तीननंतर तपासा, एवढंच त्या अर्जात होतं. खाली दोन सह्यांची जागा होती. मी म्हणाले, "जाऊ दे गं आता, कोण ऐकतंय आपलं." तिनं फोन ठेवून दिला.

तिच्या भाच्यानं तो अर्ज मला आणून दिला. एक सही तिची आहे, जराशी वाकडी. तिच्याखाली मी माझी केली आणि परवा कलेक्टर कचेरीत जाऊन दिला. खिडकीतला कारकून म्हणाला, "पहिली सही आहे त्या बाई कुठायत?"

मी म्हणाले, "त्या वारल्या. अर्ज जिवंत हाय."

त्यानं आवक क्रमांक टाकून पोच दिली. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे.