उद्या उतरणारच आहे

बातमी कुठलीही असो, आमच्या दुकानातली ती पोरगी आधी जीभ दातांत धरून हातातलं काम पुरं करायची. मग खुर्चीत मागे रेलून म्हणायची, “जाऊ दे ना काकी, उद्या उतरणारच आहे.”

नटाचा घटस्फोट झाला, पुढारी पकडला गेला, टीव्हीवर दोघे गळ्याच्या शिरा ताणून भांडले, सगळ्यावर तिचं हे एकच उत्तर. तिचं कामच तसं होतं. ती बॅनर बनवायची, आणि बॅनर आज चढतो, उद्या उतरतो.

लालबागच्या एका गल्लीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. ती तिथे कॉम्प्युटरवर बसायची. मी झाडलोट करते, छापून आलेल्या बॅनरच्या कडेला दोरीसाठी पत्र्याच्या रिंगा ठोकते आणि तो गुंडाळून देते. गुंडाळायचं कसं तेही तिनेच शिकवलं. “घडी नाय घालायची काकी. चेहऱ्यावर घडी पडली की रंग तडकतो. चेहरा बाहेर ठेवायचा आणि सैल गुंडाळायचं.”

आम्ही भोईवाड्यात एकाच चाळीत राहायचो. मी जिन्याजवळ, ती आईबरोबर गॅलरीच्या टोकाच्या खोलीत. सकाळी दोघी चालत कामावर जायचो. ती बोलायची, मी ऐकायचे. मी पहिल्यापासून बुजरी. चौथीनंतर शाळा सुटली, आणि चार माणसांत बोलायचं धाडस तिथेच राहिलं असावं. दुकानात एकदा एका गिऱ्हाइकाने मला काहीतरी विचारलं आणि मी नुसतीच बघत राहिले. तो शेठना म्हणाला, “बाई मुकी आहे काय?”

ती कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाली, “बोलतात ना. तुमच्याशी नाय.”

नाक्यावरचे वाढदिवसाचे बॅनर तुम्हीही पाहिले असतील. वर गोलात मोठे साहेब, मध्ये ज्याचा वाढदिवस तो, आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढी शुभेच्छा देणारी पोरं. कोण कोणाच्या शेजारी, यावरून दुकानात मारामारीची वेळ यायची. एकजण तावातावाने आला, “माझा फोटो डावीकडे का टाकलास?”

“दादा, उजवीकडे खांब आहे. तुमचा अर्धा चेहरा जाईल. डावीकडे कसं, सिग्नलला थांबलेली सगळी पब्लिक तुम्हालाच बघणार.”

तो खूश होऊन गेला. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “डावीकडे पण खांबच आहे.”

एका पुढाऱ्याने पक्ष बदलला त्या दिवशी टीव्हीवर केवढा गोंधळ होता. हिने त्याचा जुना बॅनर उघडला, मागचा रंग बदलला, निशाणी बदलली, झालं. “हसू तेच ठेवलंय,” म्हणाली. “कुठल्याही रंगावर चालतं ते.”

मला नटनट्या ओळखू येत नाहीत याचं तिला भारी कौतुक. एका मोठ्या दुकानाच्या उद्घाटनाचा बॅनर होता. मी विचारलं, “ही कोण गं? साहेबांची सून का?”

ती इतकी हसली की शेठ आतून बाहेर आले. “काकी, तुम्ही एक नंबर. ही उद्या चाळीत नळावर आली ना, तर तुम्ही म्हणाल, बाय, बादली बाजूला घे.”

“मग काय म्हणू?”

“तेच म्हणा. तिला पण बरं वाटेल.”

मत कोणाला देणार, असं मी एकदा वाटेत विचारलं. ती म्हणाली, “यांचे सगळ्यांचे डाग मी काढलेत काकी. खरं तोंड बघितलेली मी एकटीच. म्हणून तर ठरत नाही.” पण मत द्यायला गेली. बोटावरची शाई मला दाखवली आणि म्हणाली, “ही बघा, ही मात्र उद्या उतरत नाय.”

जिवंत माणसांना ती हवं तितकं गोरं करायची. साहेबांच्या सुरकुत्या काढायची, नटीच्या गालांवर उजेड टाकायची. पण श्रद्धांजलीचा बॅनर आला की तिचा माऊसवरचा हात जड व्हायचा. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याला ती काही करायची नाही. एक मुलगा आईचा फोटो घेऊन आला होता. म्हणाला, “जरा डाग काढा, उजळ करा.” हिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, “दादा, नाक्यावरून तुमच्या आईच्या मैत्रिणी जाणार. त्यांना ती ओळखायला नको?” तो तोंडावर रुमाल घेऊन रडायला लागला. डाग तसेच राहिले.

तिच्या आईची एक हौस होती. पोरगी दहावी झाली तेव्हा चाळीतल्या इतर पोरांचे फोटो गुणवंत म्हणून नाक्यावर लागले होते. हिने फोटोच दिला नाही. पुढे गणपतीत मंडळाच्या बॅनरवर बाकीच्या मुली आल्या, तेव्हाही नाही. आई चिडायची. “दुनयेचे फोटो लावतस आणि स्वतःचो एक नाय? माका नाक्यार तुझां तोंड बघूचा आसा.”

“घरी बघ ना, फुकट आहे,” असं म्हणून ती आईच्या तोंडासमोर तोंड न्यायची, इतकं जवळ की आईला हसू यायचं. तिच्या डाव्या भुवईच्या वर एक तीळ होता. आई त्याच्यावर बोट टेकवायची आणि तिला मागे ढकलायची.

पावसाळा संपता संपता तिला ताप आला. आधी घरीच गोळ्या घेतल्या, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. डेंग्यू म्हणाले. मी डबा घेऊन गेले तेव्हा तिच्या बाजूच्या खाटेवरची बाई फोनवर मोठ्याने बातम्या ऐकत होती. हिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बोलायचं त्राण नव्हतं, पण काय म्हणायचंय ते मला कळलं. त्यानंतर ती घरी आली नाही.

चाळीच्या नाक्याकडच्या दारावर तिचा बॅनर लागला. वॉर्डातल्या एका कार्यकर्त्याने, ज्याचे ढीगभर बॅनर तिने केले होते, त्याने मायेने दुसऱ्या दुकानातून करून आणला. वर ओळीने चार साहेब. खाली ती, भलीमोठी. गोरीपान. तीळ नाही.

आई किती तरी वेळ मान वर करून उभी होती. मग मला म्हणाली, “माझां चेडू इतक्यां गोरां कधी झालां?”

पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज बॅनरखाली येऊन उभी राहायला लागली. सकाळी दूध आणायला जाताना, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “माझी पोरगी.” नाक्यावर तिचं तोंड बघायचं होतं ना. बघायला मिळालं ते असं. जेवत नव्हती ती बाई, पण खाली जायची म्हणून निदान लुगडं बदलायची, केस विंचरायची. तो बॅनर उतरला तर ही अंथरुणाला लागेल, हे मला दिसत होतं. म्हणून रोज कामावर जाताना मी आधी वर बघायचे, दोऱ्या घट्ट आहेत ना.

मग निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली की पालिकेची गाडी फिरते आणि पुढाऱ्यांचे बॅनर उतरवते, हे तुम्हाला माहीत असेल. मी दुकानातून जेवायला घरी येत होते. चाळीच्या दाराला शिडी लागलेली. एक माणूस वर चढून दोरी कापत होता आणि आई खालून शिडी हलवत होती. “माझ्या चेडवाक खंय नेतास? अरे, खंय नेतास?” लोक जमले होते. कोणी तरी हसतही होतं.

मी त्या गर्दीतून पुढे गेले. “भाऊ, थांबा,” मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “ती मुलगी गेलीय. ही तिची आई आहे. राहू दे ना.”

तो थांबला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “मावशी, नुसती पोरगी असती तर हात लावला नसता. वर साहेब आहेत ना. ठेवता येत नाय.”

“मग साहेब कापा.”

दुकानातला कटर माझ्या कमरेच्या पिशवीत होता. मी तो वर दिला. त्याने खालच्या साहेबाकडे, म्हणजे मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने मान हलवली. त्याने चार साहेबांची पट्टी सरळ कापली. पण दोऱ्या त्याच पट्टीच्या रिंगांना बांधल्या होत्या. पट्टी सुटली तशी खालची पोरगी, हळूहळू पुढे वाकत, आमच्या अंगावर खाली आली.

पुन्हा लावायला मुकादम नाही म्हणाला. पण गाडीतही त्याने टाकली नाही. मी तिथेच रस्त्यावर बसून ती गुंडाळली, चेहरा बाहेर ठेवून, सैल. आईने दुसरं टोक धरलं होतं. “बाई मुकी आहे काय” म्हणणाऱ्याला पोरगी आज काय बोलली असती, हे मनात येत होतं.

आता ती आईच्या पलंगाखाली असते. संध्याकाळी मी गेले की आम्ही दोघी ती जमिनीवर उलगडतो. पलंगापासून ओट्यापर्यंत कपाळ येतं, भुवया येतात, डोळे येतात. पुढे खोली संपते. आई गुडघे टेकून बसते, बोटावर काजळ घेते आणि डाव्या भुवईच्या वर तीळ लावते. मग थोडा वेळ बघते आणि म्हणते, “हां, आता माझां.”

गुंडाळताना ते काजळ पुसलं जातं. मी एकदा म्हणाले, “दुकानातून मार्कर आणते, कधी जाणार नाही.”

“नको गो,” ती म्हणाली. “मगे उद्या माका काम काय उरतलां?”