सतरा घागरी आणि एक पाण्याखालचं गाव

लग्न होऊन मी माले गावात आले तेव्हा गावात लग्नाची भांडी भाड्याने मिळत नसत. ज्या घरी कार्य असेल तिथे आळीतली सगळी घरं आपापली भांडी पोचवत. कार्य उरकलं की बायका जाऊन आपलं भांडं ओळखून आणत. भांड्यांवर नावं नव्हती. ओळख पोच्यांवरून व्हायची. एकीच्या घागरीला गळ्याशी पोचा, दुसरीच्या पोटाला दोन. अंधारातसुद्धा हात फिरवून बायका आपली घागर उचलत.

माझ्या सासूबाईंच्या घागरीला बुडाजवळ खोल पोचा होता. त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव सोडताना ही घागर बैलगाडीतून दगडावर पडली, तेव्हाचा तो पोचा. माहेरची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. एरवी घागर त्या कुणाला उचलू देत नसत.

मी आले त्या वर्षी शेजारच्या घरात लग्न निघालं. आळीतल्या सतरा तांब्याच्या घागरी जमा झाल्या, त्यात सासूबाईंचीही. त्यांना कल्हई करायला पुण्याहून एक तांबट आला होता. माणूस कष्टाळू. लग्नघर आहे, भांडी नीट दिसावीत, म्हणून त्याने कुणी न सांगता सगळ्या घागरींचे पोचे ठोकून काढले आणि चिंचेने घासून त्या ओळीत मांडून ठेवल्या.

लग्नाच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लग्नानंतर, तांबट मजुरीसाठी थांबलेला असताना, बायका घागरी न्यायला आल्या आणि ओळीपुढे उभ्याच राहिल्या. सतराही घागरी सारख्या, लखलखीत.

"अरं मुडद्या, काय केलंस ह्ये!" एक म्हातारी ओरडली.

"आजी, नव्या करून दिल्या," तांबट हसत म्हणाला.

"नव्या कुनी मागितल्या व्हत्या? माजी कुटली ते सांग!"

मग जो गोंधळ उडाला तो मी उभ्या आयुष्यात विसरलेले नाही. कुणी घागरीवर बोट वाजवून आवाज ऐकत होतं, कुणी रिकामी घागर कमरेवर घेऊन बघत होतं. एकाच घागरीला दोघी जावा दोन बाजूंनी धरून होत्या. सासूबाई मात्र ओळीच्या एका टोकाला बसल्या. एकेक घागर फरशीवर ठेवायची, गळ्याला धरून फिरवायची, सोडायची आणि बघायची. घागर जागेवर फिरून थांबली की बाजूला. अकरावी घागर फिरता फिरता एका अंगाला झुकली, डुलली, पुन्हा झुकली.

"हीच!" त्यांनी घागर पोटाशी धरली. "बानं जत्रंतनं आनली तवापसनं डुलतीया ही. मला ठाव हाय."

बाकीच्या सोळांची वाटणी व्हायला दुपार झाली. दोन घागरींचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. त्या दोघींनी जी हाताला लागली ती घेतली. पण आता सगळ्यांनाच घागरीवर नाव हवं होतं. तांबटाजवळ छिन्नी होती, पण त्याला लिहिता येत नव्हतं. मी मराठी सातवी झालेली. मी खडूने घागरीवर अक्षरं काढायची आणि त्याने त्यावरून ठोकायचं, असं ठरलं. बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेईनात. "त्येंचंच घाल गं, तुला म्हाईत हाय," एवढंच म्हणत. मी अंदाजाने लिहीत गेले. सासरी मला पहिल्यांदाच कुणी काहीतरी विचारत होतं. अक्षर सरळ येत होतं.

शेवटी सासूबाई आल्या आणि त्यांनी आपल्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

तांबटाने छिन्नी खाली ठेवली. "मावशी, गावाचं नाव देवळाच्या भांड्यावर घालत्यात. घातलं की भांडं गावकीचं झालं. उद्या कुनीबी उचलून नेईल."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून म्हणाले, "माजं नाव काय वंगाळ हाय व्हय?"

"तुमचं नाव सातबाऱ्यावर हाय, घरावर हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्या गावाचं कुटं ऱ्हायलंय सांगा बरं."

"आन गावकी न्यायला आली मंजी?" मामंजींनी विचारलं.

"येऊ द्या की! बगू तरी कोन कोन जितं हाय."

मामंजी हसू लागले. तांबट त्यांच्याकडे बघत राहिला. "घाल बाबा," ते म्हणाले, "न्हाईतर आज जेवन न्हाई आमाला."

मी चार अक्षरं काढली. आयुष्यात तेवढं जपून मी काही लिहिलं नव्हतं. सासूबाई तांबटाच्या हाताला जवळजवळ टेकून बसल्या. एक अक्षर पुरं झालं की त्यावर बोट फिरवायच्या आणि मला विचारायच्या, "झालं? किती ऱ्हायली?"

"तीन, आत्याबाई," मी म्हणाले.

"मग ठोक की रं बिगीबिगी!"

चौथं अक्षर संपलं तेव्हा दिवस कलला होता. घरात पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवलेलं होतं. तरी त्या घागर घेऊन नदीकडे निघाल्या, अक्षरं बाहेरच्या बाजूला करून. मलाही बरोबर घेतलं. वाटेत जो भेटेल त्याला ती अक्षरं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.