आण्णांच्या हॉलमधला मुका पिक्चर

आमच्या फिल्म क्लबचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. चहाला चार जण जमलो की एक आठवतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो आणि चहा गार होतो!

मंगळवार पेठेत आण्णांचं भांड्यांचं दुकान आहे. वरचा हॉल त्यांनी आम्हाला फुकट दिलाय. आण्णा खूश तोवर क्लब, आण्णा रुसले की आम्ही रस्त्यावर! हे ठाऊक असूनही आमच्या बागल सरांनी, म्हणजे रिटायर्ड प्रोफेसरांनी, शंभर वर्षांपूर्वीचा फ्रेंच पिक्चर निवडला. विषय काय? श्रीमंत मालक आणि त्याच्या बंगल्यात राबणारी मोलकरीण! लॅपटॉप माझ्याकडे, त्यामुळे धडधड सगळ्यात जास्त मलाच.

*

पिक्चर मुका. थोड्याच वेळात कोडोलीचे तानाजीराव ओरडले, "आवाज सोडा की!"

मी म्हटलं, "ह्याला आवाजच नाही हो."

"आसं व्हय? मग आमी बोलतो!"

तानाजीरावांची दूधडेअरी आहे, आवाज गोठ्यात कमावलेला. शब्द पाळला माणसानं, अगदी शेवटपर्यंत!

*

प्रमुख पाहुणे एक बिल्डर होते. मानाचा सोफा अर्थातच सगळ्यांत पुढे. पडद्यावर नाटकाचं थिएटर आलं. बागल सर माइकवरून समजावू लागले, "बघा, श्रीमंत वर गॅलरीत, गरीब खाली स्टेजला चिकटून. समाजाची उतरंड!"

मागून तानाजीराव, "पावणं, तुमी गरिबांत बसलायसा की!"

बिल्डरसाहेब ताडकन उठले. चार जणांनी सोफा उचलून मागे नेला. तेवढा वेळ अख्खं पॅरिस सोफ्याच्या पाठीवर दिसत होतं.

*

मग जेवणाचा सीन. मालकाचं कुटुंब जेवतंय, मोलकरीण कोपऱ्यात उभी. सर रंगात आले, "टेबल आणि तिच्यामधलं अंतर म्हणजेच वर्गभेद! दिग्दर्शकानं कॅमेरा कुठं ठेवलाय बघा..."

तानाजीरावांच्या बायकोला, शालनवहिनींना, राहवेना. "सर, बाई मघापासनं हुबी हाय. आदी तिला बसवा, मग भाषण करा!"

सरांनी माइक खाली ठेवला.

*

खरी पंचाईत पुढेच होती. पडद्यावरच्या मालकाचं पोट आणि मिशा थेट आण्णांसारख्या! सरांनी माइक परत उचलला आणि शहाणपणानं त्याला "मॅनेजर" म्हणायला सुरुवात केली.

आण्णा गरजले, "मॅनेजरच्या घरात चांदीची ताटं? आमास्नी भांड्यांतलं कळतंय की! मालकच हाय त्यो!"

शेवटी मोलकरणीनं अ‍ॅप्रन काढून त्याच्या ताटात टाकला. काय शिट्ट्या पडल्या म्हणता! दिवे लागले आणि आण्णा उभे राहिले. मी मनात म्हटलं, गेला हॉल!

"पुढच्या रविवारी परत लावा," आण्णा म्हणाले. "दुकानातली समदी माणसं आणतो. मालक किती वाईट असत्यात बघू देत, मग माझी किंमत कळंल!"

आण्णांचं दुकान रविवारीही चालू असतं. त्या रविवारी दुपारी पहिल्यांदाच शटर खाली आलं. कामगार इस्त्रीचे कपडे घालून, बायकापोरांना घेऊन आले. पोरं शेंगा खात होती, बायका हसत होत्या. मला तर लग्नघरात आल्यासारखं वाटलं.

पिक्चर संपला. आण्णा ऐटीत पुढे आले आणि आपल्या सगळ्यांत जुन्या कामगाराला म्हणाले, "काय मल्लूमामा, कळलं न्हवं?"

मल्लूमामांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं, डोकं खाजवलं.

"आण्णा, एकदा बघून ध्यानात यीत न्हाई. दर रविवारी दावा की!"